यंत्र ‘चालू’ आहे म्हणजे नेमकं काय? रुग्णालयातली देखभाल-कंत्राटं आणि माझं फसलेलं प्रकरण

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी आरएसीसमोर एक आलेख मांडला होता. एका जिल्ह्यातली सरकारी रुग्णालयं, आणि प्रत्येक ठिकाणी दर शंभर उपकरणांमागे वर्षभरात नोंदलेल्या बिघाडाच्या तक्रारी. ज्या रुग्णालयात तक्रारी सर्वांत कमी, तिथली देखभाल सर्वांत चांगली, असा माझा सरळ निष्कर्ष होता. समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, “तुम्ही तिथे जाऊन आलात का?”

मी गेले नव्हते. नंतर गेले, आणि ते अख्खं प्रकरण टाकून द्यावं लागलं.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करताय, कुणी रिसर्च प्रपोजल लिहिताय. सार्वजनिक खरेदी, आरोग्य प्रशासन, कंत्राटीकरण असे विषय घेणारे तर बरेच असतील. म्हणून आज माझा विषय तुम्हाला समजावून सांगते, आणि त्यातच माझी चूक कुठे झाली तेही. विषय वरवर पाहता कोरडा वाटेल: रुग्णालयातल्या वैद्यकीय आणि विजेच्या उपकरणांची देखभाल सरकार ‘विकत’ कशी घेतं? पण थोडं थांबा.

वस्तू विकत घेणं सोपं, देखभाल विकत घेणं अवघड

व्हेंटिलेटर विकत घ्यायचा तर तांत्रिक तपशील लिहिता येतात, निविदा काढता येते, माल आला की खोका उघडून तपासता येतो. देखभाल ही सेवा आहे. ती खोक्यात येत नाही. चांगली देखभाल झाली तर काय दिसतं? काहीच दिसत नाही. यंत्र कालच्यासारखंच आज चालतं. आणि वाईट देखभाल झाली तरी पहिले काही महिने तसंच काहीच दिसत नाही! या विषयातल्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण निविदेत हेच शब्द सगळा फरक पाडतात.

यंत्र नवीन असतं तेव्हा वॉरंटी असते. ती संपली की दोन प्रकारचे करार होतात. एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार. त्यात बहुतेक वेळा इंजिनिअरची मजुरी आणि ठरलेल्या भेटी येतात, सुटे भाग वेगळे मोजावे लागतात. सीएमसी म्हणजे सर्वसमावेशक करार. त्यात सुटे भागही येतात, अर्थात करारात जे वगळलेले नसतील ते. एक्स-रे ट्यूब, बॅटरी, सेन्सर, प्रोब या वस्तू वगळल्यात की नाहीत, हे बघितल्याशिवाय दोन करारांच्या किमतींची तुलना करूच नका. माझ्या पहिल्या एक्सेल शीटमध्ये मी एएमसी आणि सीएमसी एकाच रकान्यात टाकले होते. तो आकडा कशाचाच नव्हता.

देखभालीचेही तीन भाग पाडा. बिघाड झाल्यावरची दुरुस्ती, बिघाड होऊ नये म्हणून ठरलेल्या वेळी केलेली प्रतिबंधक देखभाल, आणि यंत्र दाखवतं तो आकडा खरा आहे का हे तपासणारं कॅलिब्रेशन. हा तिसरा भाग डोक्यात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

२०१५चा कार्यक्रम आणि त्यामागचा आकडा

भारतात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर मोजला गेला तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या बायोमेडिकल इक्विपमेंट मॅनेजमेंट अँड मेंटेनन्स प्रोग्रॅममुळे. याला सगळे बीएमएमपी म्हणतात. कार्यक्रम सुरू करण्याआधी राज्यांतल्या सार्वजनिक आरोग्य संस्थांमधली उपकरणं मोजली गेली. २९,११५ संस्था, ७,५६,७५० उपकरणं, अंदाजे किंमत ४,५६४ कोटी रुपये. त्यातली १३ ते ३४ टक्के उपकरणं, राज्यागणिक, बंद अवस्थेत सापडली.

हा फक्त आपल्याकडचा रोग नाही. २०११ मध्ये पेरी आणि माल्किन या संशोधकांनी १६ देशांतल्या १,१२,०४० उपकरणांच्या याद्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सरासरी ३८.३ टक्के उपकरणं वापराबाहेर होती. ‘विकसनशील देशांतली बहुतेक यंत्रं बंदच असतात’ असं जे सरसकट बोललं जायचं, त्याला या अभ्यासाने पहिल्यांदा धड आकडा दिला. तुम्हाला यातून एक धडा घेता येईल: सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी मोजली आहे का, हे विचारणं हासुद्धा संशोधनाचा विषय असतो.

बीएमएमपीची कल्पना अशी. एकेका यंत्रासाठी एकेका कंपनीशी करार करत बसण्याऐवजी राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक आरोग्य संस्थांमधल्या उपकरणांची देखभाल एका सेवादाराला द्यायची. बिघाड झाला की टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवायची. सेवादाराने यंत्र ठरलेल्या प्रमाणात चालू ठेवायचं, नाही ठेवलं तर दंड. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी हा मार्ग घेतला. अपटाइमची अट ठरली ती अशी: जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के.

आकडे चांगले वाटतात ना? आता कागद-पेन घ्या.

अपटाइमचं गणित

वर्षाचे ३६५ दिवस. ९५ टक्के अपटाइम म्हणजे सव्वाअठरा दिवस यंत्र बंद राहिलं तरी चालेल. ९० टक्के म्हणजे साडेछत्तीस दिवस. ८० टक्के म्हणजे ७३ दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रात नवजात बाळाला ऊब देणारा रेडिअंट वॉर्मर एकच असतो असं धरा. तो वर्षातून ७३ दिवस बंद असूनही अट पाळलेली असू शकते. जिल्हा रुग्णालयात एक वॉर्मर बंद पडला तर शेजारी दुसरा असतो. जिथे पर्याय नाही तिथे सवलत जास्त, असा हा उलटा हिशेब. त्याला कारणही आहे: दुर्गम केंद्रापर्यंत इंजिनिअर पोचायलाच वेळ लागतो. म्हणजे अट रुग्णाची गरज बघून ठरत नाही, सेवा पोचवायला किती जड जातं यावरून ठरते. हे बरोबर की चूक, यावर वाद घाला. पण आधी ते दिसायला हवं.

दुसरी गोष्ट. अपटाइम कशाचा मोजायचा? प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र, की सगळ्यांची सरासरी? समजा एका रुग्णालयात १०० उपकरणं आहेत. ९५ वर्षभर चालली आणि ५ वर्षभर बंद राहिली. सरासरी अपटाइम ९५ टक्के, अट पूर्ण. पण ती पाच उपकरणं कुठली? रक्तदाब मोजायची यंत्रं, की पाचही वॉर्मर? सरासरीला हा प्रश्नच पडत नाही. म्हणून करार वाचताना ‘अपटाइम’ या शब्दाची व्याख्या शोधा. बऱ्याचदा ती मागच्या एखाद्या परिशिष्टात असते.

तिसरी गोष्ट, आणि माझं प्रकरण बुडालं ते इथेच: घड्याळ कधी सुरू होतं? यंत्र बंद पडलं त्या क्षणी नाही. तक्रार नोंदवली त्या क्षणी. आणि थांबतं कधी? सर्व्हिस रिपोर्टवर सही झाली की. म्हणजे ज्या यंत्राची तक्रार कुणी नोंदवलीच नाही, ते कागदोपत्री शंभर टक्के चालू असतं. अडगळीच्या खोलीत धूळ खात पडलेलं असलं तरी!

पैसे कसे मोजले जातात

या कार्यक्रमात सेवादाराने बोली लावायची ती उपकरणांच्या एकूण किमतीच्या टक्केवारीत. समजा बोली ५ टक्के आणि उपकरणं १०० कोटींची, तर वर्षाला ५ कोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही हेच गुणोत्तर वापरलंय. देखभालीचा वार्षिक खर्च खरेदी किमतीच्या ५ ते १० टक्क्यांत बसणं हे घडी बसलेल्या व्यवस्थेचं लक्षण मानतात.

हे पाहिल्यावर संशोधक म्हणून लगेच काय विचारावं? यंत्राची किंमत कुणी ठरवली? दहा वर्षांपूर्वी देणगीत आलेल्या, बिल नसलेल्या यंत्राची किंमत किती धरायची? निर्लेखित करायला हवं असं यंत्र यादीत राहिलं तर कुणाचा फायदा, आणि यादीतून काढलं तर कुणाचा? मोडकं यंत्र निर्लेखित झालं की अपटाइमची टक्केवारी आपोआप सुधारते, दुरुस्ती एकही न होता. ती सुधारणा खरी की कागदी, हे ओळखायचं तर दोन्ही वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्या लागतात.

एकेका मोठ्या यंत्राची खरेदी करताना मात्र दुसरी पद्धत असते. यंत्राची किंमत आणि वॉरंटीनंतरच्या वर्षांचे सीएमसीचे दर एकदमच मागवतात. एक उदाहरण करून बघा. पहिल्या कंपनीचं यंत्र २० लाखांचं, सीएमसी वर्षाला १ लाख. दुसरीचं १७ लाखांचं, सीएमसी वर्षाला १ लाख ७० हजार. वॉरंटी तीन वर्षं, त्यानंतर पाच वर्षं सीएमसी. नुसती किंमत बघितली तर दुसरी स्वस्त. आठ वर्षांची सरळ बेरीज केली तर पहिलीचे २५ लाख, दुसरीचे साडेपंचवीस, म्हणजे पहिली स्वस्त. पण उद्याचा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. भविष्यातला खर्च १० टक्के दराने आजच्या किमतीत आणला तर पहिलीचे साधारण २२ लाख ८५ हजार होतात आणि दुसरीचे २१ लाख ८४ हजार. पुन्हा दुसरीच स्वस्त!

तीच दोन यंत्रं, तेच दर. ‘सर्वांत कमी बोली’ कुणाची, हे हिशेबाच्या पद्धतीवर ठरलं. एल-वन ही निसर्गनियमासारखी वस्तुनिष्ठ गोष्ट आहे असं समजू नका. तिच्या आत कुणीतरी आधीच एक निर्णय घेऊन ठेवलेला असतो.

सिद्धांताचा उपयोग कुठे होतो

व्हायवात ‘थिअरेटिकल फ्रेमवर्क’ विचारतात म्हणून शेवटी एखादं नाव चिकटवायचं, असं करू नका. या विषयात दोन सिद्धांत खरंच कामाला येतात.

पहिला अपूर्ण करारांचा. ऑलिव्हर हार्ट, आंद्रेई श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी १९९७ मध्ये खाजगी तुरुंगांचं उदाहरण घेऊन हा मुद्दा मांडला. करारात सगळ्या गोष्टी लिहिता येत नाहीत. ज्या लिहिता येत नाहीत त्यात कंत्राटदाराला खर्च कमी करण्याची ओढ असते, आणि त्या बचतीची किंमत गुणवत्तेने चुकवावी लागते. हार्ट यांना २०१६ मध्ये बेंट होल्मस्ट्रॉम यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते करारांवरच्या कामासाठी.

दुसरा याच होल्मस्ट्रॉम यांचा, पॉल मिलग्रोम यांच्यासोबत १९९१ मध्ये मांडलेला. एका माणसाला दोन कामं दिली, त्यातलं एक मोजता येतं आणि एक येत नाही, आणि बक्षीस फक्त मोजता येणाऱ्याला ठेवलं, तर दुसरं काम मागे पडतं. आता मघाशी ठेवून दिलेलं कॅलिब्रेशन आठवा. दंड लागतो तो यंत्र बंद राहिल्याबद्दल. इन्फ्युजन पंप चालू आहे, पडद्यावर तासाला ५ मिलिलिटर दिसतंय, पण प्रत्यक्षात औषध त्याहून जास्त जातंय. अपटाइमच्या वहीत तो पंप ‘चालू’ आहे. सेवादारावर दंड नाही. बाळाच्या शिरेत मात्र काय जातंय ते वहीला माहीत नाही. प्रतिबंधक भेट आणि कॅलिब्रेशन करारात लिहिलेलं असतं, नाही असं नाही. पण त्याची तपासणी बहुतेक वेळा एका स्टिकरवर आणि एका सहीवर संपते. स्टिकरवरची तारीख ताजी आहे म्हणून मापन झालं असं होत नाही. मापनाचे आकडे असलेला कागद मागा.

काही यंत्रांबाबत बाहेरचा नियामक असतो, तिथे चित्र जरा बरं. एक्स-रे यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि ठरावीक काळाने गुणवत्ता चाचणी करून घ्यावी लागते. अशी चाचणी असलेली आणि नसलेली उपकरणं यांची तुलना, हा एक चांगला शोधप्रश्न होऊ शकतो. कुणी घेणार असाल तर घ्या.

प्लगपाशी संपणारी जबाबदारी

माझ्या विषयाच्या नावात ‘वैद्यकीय आणि विजेची उपकरणं’ असं एकत्र आहे. प्रत्यक्षात ती एकत्र नसतात. सरकारी रुग्णालयात यंत्राची देखभाल आरोग्य विभागाच्या कंत्राटातून होते. भिंतीतली वायर, सॉकेट, अर्थिंग, पॅनेल हे बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे. म्हणजे यंत्राची वायर प्लगपाशी संपते आणि जबाबदारीसुद्धा तिथेच बदलते.

मग काय होतं? विजेच्या दाबात चढउतार होऊन यंत्राचा बोर्ड जळतो. अनेक करारांत ‘विजेच्या दोषामुळे झालेलं नुकसान वगळून’ अशी ओळ असते. सेवादार म्हणतो सॉकेट बघा. विद्युत शाखा म्हणते सॉकेट ठीक आहे, यंत्र बघा. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात आणि यंत्र बंद असतं.

हे नुसतं कागदी भांडण का नाही ते समजून घ्या. घरच्या मीटरपाशी जो आरसीसीबी बसवतात तो ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो. निरोगी माणसाला वाचवायला तेवढं पुरतं. पण थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या उपकरणातून रुग्णाच्या शरीरात जाणारा गळती-प्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या आत असला पाहिजे, असं आयईसी ६०६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. म्हणजे घरच्या मर्यादेच्या तीन हजारावा भाग. शिवाय अतिदक्षता विभागात वीज तोडून सुरक्षितता मिळत नाही, कारण व्हेंटिलेटर बंद पडणं हाच धोका. म्हणून तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरचा वेगळा पुरवठा लागतो. पहिला दोष आला तरी वीज जात नाही, फक्त इशारा वाजतो. आता तो इशारा वाजला तर बघायचं कुणी, यंत्रवाल्याने की वायरवाल्याने? करारात शोधा. मी शोधलं, मला सापडलं नाही.

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले आणि ‘फायर ऑडिट’, ‘इलेक्ट्रिकल ऑडिट’ हे शब्द घराघरात पोचले. मी त्या घटनेवर काम करत नाही, तिच्या कारणांबद्दल इथे लिहिणारही नाही. पण निविदेतल्या एखाद्या कलमावर तीन तास घालवताना कंटाळा आला की मला ती तारीख आठवते.

आता माझी चूक

आरएसीनंतर मी त्या ‘सर्वोत्तम’ ग्रामीण रुग्णालयात गेले. वर्षभरात जेमतेम तक्रारी. प्रसूती कक्षात दोन वॉर्मर यादीत होते. एक खोलीत होता. दुसरा कुठे आहे विचारल्यावर सिस्टरनी मागची खोली उघडून दाखवली. वॉर्मर, सक्शन मशीन, दोन मॉनिटर, एक ऑटोक्लेव्ह, एकावर एक.

“याची तक्रार नाही नोंदवली का, सिस्टर?”

“नोंदवली की मशीन घेऊन जातात, मॅडम. कधी आणतील सांगत नाहीत. रात्री डिलिव्हरी आली तर मी काय करू? त्यापेक्षा आमचा वायरमन येतो, बघतो. चाललं तर चाललं.”

“आणि नाही चाललं तर?”

“मग एका वॉर्मरखाली दोन बाळं. परवाच ठेवली होती.”

मी वहीत लिहून घेतलं. परतताना एसटीत लक्षात आलं की माझा आलेख उलटा होता. कमी तक्रारी म्हणजे चांगली देखभाल नव्हे. तिथे लोकांचा तक्रारीवरचा विश्वासच उडाला होता. आणि शेजारच्या तालुक्यातलं जे रुग्णालय माझ्या यादीत सर्वांत खाली होतं, तिथे एक फार्मासिस्ट दर सोमवारी सगळ्या वॉर्डांतून फिरून प्रत्येक बारीकसारीक बिघाड नोंदवत होता. तिथली यंत्रं जास्त चालू होती. मी त्याला नापास केलं होतं.

चूक आकडेमोडीत नव्हती. मी जे मोजत होते ते ‘बिघाड’ नव्हतंच. ते होतं ‘बिघाड, आणि तो नोंदवायची कुणाची तरी इच्छा’. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय प्रशासकीय नोंदींवरचा कुठलाच आकडा वापरू नका. शाळेतली हजेरी असो, पोलिसातले गुन्हे असोत, की रुग्णालयातल्या तक्रारी.

माझ्या गाईड मॅडम रागावल्या नाहीत. “प्रकरण गेलं, पण प्रबंध मिळाला,” एवढंच म्हणाल्या. सहा महिने गेले ते गेलेच.

मग मी पद्धत बदलली. प्रत्येक रुग्णालयात यादी हातात घेऊन स्वतः फिरायचं. प्रत्येक यंत्र दाखवा म्हणायचं, आणि तीन रकाने: चालू आणि वापरात; चालू पण वापरात नाही; बंद. शेवटचं कधी वापरलं हे वॉर्डातल्या माणसाला विचारायचं. नंतर तक्रारींची नोंदवही उघडून बंद यंत्रांपैकी किती यंत्रांची तक्रार आहे ते बघायचं. ही जी दरी निघते, तीच आता माझ्या प्रबंधाचा मुख्य विषय आहे. मधला रकाना विसरू नका. यंत्र ठीक असतं पण तंत्रज्ञाचं पद रिकामं असतं, नाहीतर अभिकर्मक द्रव्यं आलेली नसतात. त्यात देखभालवाल्याचा दोष नाही, आणि रुग्णाला मात्र फरक पडत नाही.

माहिती कुठे मिळते

निविदा महाटेंडर्स या पोर्टलवर आणि जेमवर असतात. कलमं, परिशिष्टं, दंडाचे तक्ते तिथेच मिळतील. निविदा उघडी असताना डाउनलोड करून ठेवा, नंतर शोधणं जड जातं. राज्यातल्या खरेदीचे नियम समजून घ्यायला उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयातली खरेदीची नियमपुस्तिका वाचा. २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला, त्याआधीची आणि नंतरची व्यवस्था वेगळी आहे. तुमचा काळ कुठला ते आधी ठरवा. कॅगचे आरोग्यविषयक लेखापरीक्षण अहवालही जरूर वाचा. पडून राहिलेल्या यंत्रांच्या नोंदी त्यात नावगावानिशी सापडतात.

निविदा मिळते, पण अंमलबजावणीचे कागद पोर्टलवर नसतात. त्यासाठी माहिती अधिकार. अनुभवाने सांगते:

एक, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दोन विषय एकत्र केले की अर्ज परत येतो.

दोन, ‘दंड का लावला नाही?’ असं विचारू नका. कारणं विचारली की उत्तर येत नाही. ‘अमुक वर्षातल्या देयकांच्या आणि त्यातून केलेल्या दंडवजावटीच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. कागद मागा, कागद बोलतो.

तीन, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून नकार आला तर कलम ८(१)(ड) नीट वाचून पहिलं अपील करा. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हे त्याच कलमात लिहिलंय.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. जिथे तीनच परिचारिका आहेत तिथे ‘एका परिचारिकेने सांगितलं’ असं लिहिणं म्हणजे नाव लिहिल्यासारखंच. तुमचा प्रबंध पाच जण वाचतील, पण त्यातला एक तिचा वरिष्ठ असू शकतो. वरच्या प्रसंगातल्या सिस्टरची परवानगी मी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे दोन तपशील बदलले आहेत.

प्रपोजल लिहिण्याआधी

तुम्ही हा विषय घ्या किंवा घेऊ नका. पण तुमच्या विषयात जो मुख्य आकडा आहे, त्याच्याबद्दल एका कागदावर तीन उत्तरं लिहा. ही नोंद कोण करतं? ती केल्याने त्याचं काय बिघडतं किंवा सुधारतं? आणि नोंद झालीच नाही तर कागदावर काय दिसतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळं छान’ असं येत असेल, तर आलेख काढण्याआधी एसटीचं तिकीट काढा.

मागच्या महिन्यात मी त्या ग्रामीण रुग्णालयात परत गेले होते. मागची खोली अजून भरलेली आहे. दुसरा वॉर्मर मात्र प्रसूती कक्षात होता आणि गरम होत होता. तक्रार नोंदवली होती का, असं मी सिस्टरना विचारलं.

“नाही, मॅडम. वायरमनने केला.”

माझ्या शीटमध्ये त्याची नोंद ‘चालू आणि वापरात’ अशी झाली. कंत्राटाच्या वहीत तो कधी बंद नव्हताच.